व्हॉट्सॅपवरचा प्राणीकोश आणि अंथरुणातली मण्यार

नागपंचमी झाली, की खानदेशात कानबाईच्या सणाचे रोट व्हायच्या आतच हा मेसेज रावेरपासून तळोद्यापर्यंत सगळ्या ग्रुपांवर येऊन पडतो. जुन्या प्राणीकोशांत दिलेली, डॉक्टर सांगणार नाहीत अशी माहिती, असा त्याचा दावा. आत पाच फण्यांचा नाग, दुतोंडी मांडूळ, विषारी सापसुरळी, जीवघेणा काळा विंचू आणि शेवटी दंशावरचे घरगुती उपाय. खरे साप आणि कथेतले साप एकाच रांगेत बसवलेत, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

"कोशात आहे म्हणजे असा प्राणी असणारच." कोशातल्या नोंदीवरून एवढंच कळतं, की कुणीतरी तसं लिहून ठेवलं. इराणच्या दरबारात राहणारा टीसियस हा ग्रीक वैद्य इ.स.पू. 400 च्या सुमारास हिंदुस्थानाबद्दल लिहीत होता, इथे पाऊल न ठेवता. त्याने 'मार्तिखोरा' नावाचा प्राणी वर्णन केला: माणसाचं तोंड, दातांच्या तीन रांगा, विंचवासारखी शेपटी आणि तिच्यातून बाणासारखे सुटणारे काटे. त्या नावाचा फारसी अर्थ माणूसखाऊ. हा वाघच असणार, भीतीपोटी लोकांनी वाढवून सांगितलेला, असं पॉसेनियास या ग्रीक प्रवासी लेखकाने इ.स.च्या दुसऱ्या शतकातच म्हटलं. पण तोवर प्लिनी या रोमन लेखकाने तो आपल्या ग्रंथात घेतला होता, आणि पुढे मध्ययुगभर एका कोशातून दुसऱ्या कोशात त्याच्या नकला होत राहिल्या. फॉरवर्डची सवय तशी जुनीच.

पुरावा म्हणून चाळीसगावजवळच्या पितळखोरा लेण्यांतल्या पाच फण्यांच्या नागाचा फोटो जोडतात. शिल्प खरं आहे आणि देखणंही आहे. पण डोंगरातून आलेलं पाणी फण्यांतून बाहेर पडावं म्हणून कारागिराने तो घडवला. प्राणी पाहून नव्हे. दोन डोक्यांचे साप क्वचित जन्मतात, गर्भाची विभागणी अर्धवट राहिली तर, आणि बहुतेक फार जगत नाहीत.

कोणताही कोश उघडला, की नोंदीत शास्त्रीय नाव, आढळण्याचा प्रदेश, लांबी, खवल्यांची ठेवण आणि विष शरीरात काय करतं, एवढं शोधा. यातलं काहीच नसेल तर ती कथा आहे. कथा म्हणून खुशाल वाचा, रात्री दोन वाजता साप चावला तर तिचा उपयोग नाही.

"मांडुळाला दोन तोंडं, सहा महिने एक, सहा महिने दुसरं." शेपूट बोथट असते एवढंच. धोका दिसला की मांडूळ डोकं वेटोळ्यात लपवतं आणि शेपूट पुढे करतं, त्यामुळे शेपटीवर जखमांचे वण दिसतात. विकणारे त्याच शेपटीला चटके देऊन डोळे आणि तोंड 'काढतात'. हा बिनविषारी साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. पकडणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

सापसुरळी बिनविषारी. घोरपडीच्या पिल्लाच्या फुंकरीत विष नसतं. नागमणी नावाचं काही सापाच्या डोक्यात नसतं. पुढे जाऊ.

"दोन दातांची खूण नसेल तर साप बिनविषारी." या एका ओळीने माणूस दगावू शकतो. मण्यारीचे दात बारीक. खूण पुष्कळदा दिसतच नाही, दुखत नाही, सूजही येत नाही. शेतात रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरून आलेला माणूस खळ्यात किंवा ओट्यावर जमिनीवर पडतो आणि झोपेतच दंश होतो. पहाटे पोटात कळ येते, गळा दाटतो, घरचे 'पित्त झालं' म्हणून सोडा देतात. मग पापण्या मिटायला लागतात आणि शेवटी श्वास थांबतो. खाली झोपणाऱ्याने पहाटे पोट धरलं तर आधी त्याच्या पापण्या बघा, आणि सोडा देत बसू नका.

मण्यार ओळखताना लोक कवड्या या बिनविषारी सापाशी गल्लत करतात. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचं उलटं: मानेकडे स्पष्ट, शेपटीकडे विरत गेलेले. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते. मेलेला सापसुद्धा हातात घेऊन हे तपासू नका. लांबून काढलेला फोटो पुरतो.

"काळा विंचू जीवघेणा, लाल सौम्य." नेमकं उलटं. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचा डंख बहुधा वेदनेवर भागतो. बोटाएवढा लाल विंचू लहान मुलाला मारू शकतो. घाम सुटणं, उलटी, हातपाय थंड पडणं ही खूण. पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी होतं. यावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वेळेवर पोचलं तर हे मूल वाचतं.

"चिरा द्या, चोखा, घट्ट बांधा, कोंबडी लावा." घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं, अशा पायावर ब्लेड चालवलं तर धार थांबत नाही. करकचून बांधलं तर घोणशीचं विष एकाच जागी साचून मांस सडतं. कोंबडी जखमेवर दाबून धरल्याने माणूस वाचला असं ऐकू येतं, कारण कित्येक दंश बिनविषारी सापाचे असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडत नाही. कोंबडी मात्र फुकट मरते.

करायचं ते असं. जोडवी, अंगठी, बांगड्या, करदोडा लगेच काढा. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून अवयव स्थिर ठेवा, चालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. 108 ला फोन करा. वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्याकडे निघा. चावल्याची वेळ लिहून घ्या. साप मारून आणायची गरज नाही: नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. 10 मिलीची एक कुपी पुरत नाही, सुरुवातच साधारण 8 ते 10 कुप्यांनी होते. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण सापाने त्याला विष कमी दिलेलं नसतं.

दवाखान्यात एक साधी तपासणी होते. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी, 2 मिली रक्त, 20 मिनिटं न हलवता उभी. मग नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निकाल चुकतो. आणि रक्त गोठलं म्हणून लगेच घरी निघू नका. मण्यारीच्या दंशात ते गोठतंच, तिथे पापण्यांवर लक्ष ठेवायचं.