मोठं ग्राफिक कार्ड घेतलं की एम्युलेटर पळतो, हे खरं नाही

सांगली-मिरजेतल्या कॉम्प्युटरवाल्या ग्रुपांवर एक मेसेज गेले काही महिने फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. प्लेस्टेशन 2, गेमक्यूब ही गेमची जुनी यंत्रं, त्यांचे गेम एम्युलेटरवर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पीसीत चालवायला इंटेलचा कुठलाही सेकंडहँड आय7 प्रोसेसर पुरतो. प्रोसेसरवर वाचलेले पैसे ग्राफिक कार्डात घाला, 4 जीबीचं घ्या. प्रोसेसरमध्ये जितके कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, जास्त तितकं चांगलं. रॅम 32 जीबी करा, एसएसडी टाका, मग गेम कुठेही अडकणार नाही.

मिरजेतल्या माझ्या भाच्याने हा मेसेज वाचून दाजींकडे हट्ट धरला. दाजींनी बोनसच्या पैशातून मशीन आणलं: दुसऱ्या पिढीचा आय7, रॅम, एसएसडी, 4 जीबीचं कार्ड, सगळं मेसेजबरहुकूम. पोराने माझ्या जुन्या पीएस2 च्या डिस्क नेल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "मामा, आवाज तुटतोय आणि माणसं पाण्यातून चालल्यासारखी चालतायत." दाजींचे पैसे गेले याचं मला फार वाईट वाटलं. आणखी कुणाचे जाऊ नयेत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

यंत्र जुनं म्हणजे काम हलकं, हा पहिला मुद्दा. प्लेस्टेशन 2 जपानमध्ये मार्च 2000 मध्ये विक्रीला आला. त्याचा मुख्य प्रोसेसर जेमतेम 295 मेगाहर्ट्झचा, रॅम 32 एमबी. आज साध्या मोबाइलमध्येही याच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याची समजूत कशी झाली हे कळतं. पण त्या डब्यात एकच प्रोसेसर नव्हता. मुख्य प्रोसेसरसोबत आकडेमोड झपाट्याने करणारी दोन व्हेक्टर युनिट होती, चित्र काढायला 147 मेगाहर्ट्झची वेगळी चिप होती, आणि डिस्क आणि हातातला कंट्रोलर यांची कामं बघायला चक्क पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर बसवला होता. हे सगळे एकाच वेळी, एकमेकांच्या तालावर चालायचे. आपल्या पीसीच्या प्रोसेसरला यातल्या एकाचीही भाषा येत नाही. एम्युलेटर मधे दुभाष्यासारखा बसतो: गेमची सूचना वाचतो, ती पीसीच्या भाषेत आणतो, चालवतो, आणि बाकीच्या चिपा त्या क्षणी कुठवर आल्या असत्या याचा हिशेब जुळवतो. मूळ यंत्रातल्या एका सूचनेसाठी पीसीला अनेक सूचना खर्चाव्या लागतात. सेकंदाला 60 चित्रांचा गेम असेल तर एका चित्राचं सगळं काम 16.7 मिलिसेकंदात उरकावं लागतं. उशीर झाला की गेमचं घड्याळच मागे पडतं. पीसीच्या गेममध्ये वेग कमी पडला तर चित्रं गळतात, पण गोष्ट तिच्या वेळेत पुढे जाते. एम्युलेटरमध्ये गोष्टच संथ होते, आणि आवाज त्याच घड्याळाला बांधलेला असल्यामुळे तो तुटतो. भाच्याने फोनवर सांगितलेलं हेच.

आता ग्राफिक कार्ड. वरचं भाषांतर आणि जुळवाजुळव हे सगळं प्रोसेसरचं काम आहे, कार्डाचा त्यात हात नाही. कार्डाचं काम तयार झालेलं चित्र रंगवण्याचं, आणि ते किती जड होणार हे तुम्ही ठरवता. पीएस2 चे बरेचसे गेम 640 बाय 448 च्या आसपास चित्र काढायचे. एम्युलेटरमध्ये ते 3 पट केलं की 1920 बाय 1344 होतं, म्हणजे फुल एचडी मॉनिटरसाठी पुरून उरतं. 3 पट म्हणजे ठिपके 9 पट, 6 पट म्हणजे 36 पट. ब्लेंडिंगची, म्हणजे रंग एकमेकांत मिसळण्याची, अचूकता वरच्या पायरीवर नेली तरी कार्डावर ताण येतो. मोठ्या फोर-के टीव्हीवर खेळणाऱ्याला चांगलं कार्ड लागतं, हे मी मान्य करतो. साध्या मॉनिटरवर मात्र रायझन 5 5600जी सारख्या प्रोसेसरमधलं आतलंच ग्राफिक बहुतेक गेमना पुरतं.

आणि त्या "4 जीबी" शब्दाला भुलू नका. जीबी म्हणजे कार्डाची साठवण, वेग नव्हे. जीटी 730 चं डीडीआर3 मेमरीचं 4 जीबीवालं कार्ड 5600जी च्या आतल्या ग्राफिकच्या मागे पडतं, तरी खोक्यावरचा 4 चा आकडा बघून लोक ते घेतात.

कार्ड अपुरं आहे की प्रोसेसर, हे घरीच कळतं, पैसा लागत नाही. पीसीएसएक्स2 या पीएस2 च्या एम्युलेटरमध्ये स्क्रीनवर वेग आणि प्रत्येक भागाचा वापर दाखवायची सोय आहे. गेम जिथे अडतो त्याच जागी उभे राहा आणि इंटर्नल रिझोल्यूशन (एम्युलेटर चित्र काढतो ते माप) मूळ मापावर, म्हणजे 1 पटीवर आणा. वेग 100 टक्क्यांवर गेला तर कार्ड कमी पडत होतं. जराही फरक पडला नाही तर प्रोसेसर. भाच्याकडे मी हेच केलं. आकडा 70 च्या आसपास होता, तिथेच राहिला, आणि कार्ड आरामात बसलेलं दिसलं. टास्क मॅनेजर यात फसवतो, तेही सांगतो. तिथे "सीपीयू 25 टक्के" दिसतं आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर रिकामा आहे. तो आकडा सगळ्या कोरांची सरासरी असतो. एक कोर पूर्ण दमलेला असतो आणि बाकीचे त्याची वाट बघत असतात.

मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा मुद्दा म्हणजे "आय7 म्हणजे आय7". आय7-2600 हा 2011 चा प्रोसेसर: 4 कोर, 8 थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), 3.4 गिगाहर्ट्झ, टर्बोला, म्हणजे गरजेला वाढवलेल्या वेगात, 3.8. आय3-12100 हा 2022 चा: तोही 4 कोर, 8 थ्रेड, 3.3 गिगाहर्ट्झ, टर्बोला 4.3. कागदावर जुळे भाऊ वाटतात. पण एका कोरच्या कामात हा आय3 त्या आय7 च्या दुपटीच्या आसपास जातो, कारण घड्याळाच्या एका ठोक्यात तो कितीतरी जास्त काम उरकतो. शिवाय एव्हीएक्स2 नावाचा सूचनांचा संच इंटेलच्या प्रोसेसरमध्ये चौथ्या पिढीपासून, 2013 मध्ये आला. एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या या सूचना एम्युलेटरना फार उपयोगी पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय7 मध्ये त्या नाहीतच. चौथ्या पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्येही त्या दिलेल्या नव्हत्या, तेव्हा नुसती पिढी बघूनही चालत नाही.

दुकानात उभे असाल तर पूर्ण नंबर मागा. आय7-2600 मध्ये पिढी 2, आय5-8500 मध्ये 8, आय3-12100 मध्ये 12. ऑफिसांतून निघालेली आठव्या पिढीची आय5 मशीनं सेकंडहँड बाजारात मिळतात. पीएस2 आणि गेमक्यूबसाठी, बजेट कमी असेल तर, मी तीच घ्यायला सांगेन. "आय7 आहे साहेब" एवढंच सांगून नंबर टाळणाऱ्याकडून घेऊ नका.

कोरांचं बघू. आपल्याकडे गुऱ्हाळ सगळ्यांनी पाहिलंय. चरकातून रस निघाल्याशिवाय काहिलीत पडत नाही, आणि आटल्याशिवाय वाफ्यात ओतता येत नाही. काहिलीभोवती आठ माणसं उभी केली म्हणून रस लवकर आटत नाही, चुलवाणाचा जाळच चांगला लागतो. पीएस2 चं एम्युलेशन असंच आहे. मुख्य प्रोसेसरचा एक थ्रेड, चित्राचा एक, व्हेक्टर युनिटचा एक, एवढीच काय ती वाटणी होते. म्हणून 4 चपळ कोर पुष्कळ झाले. जुन्या सर्व्हरमधून निघालेले इंटेलचे झिऑन प्रोसेसर नव्या बोर्डावर बसवून स्वस्तात विकतात, ई5-2670 सारखे. कोर 8, थ्रेड 16, पण वेग 2.6 गिगाहर्ट्झ आणि घडण 2012 ची. व्हिडिओ रेंडर करायला घ्या हवा तर, एम्युलेटरसाठी नको.

याला एक मोठा अपवाद आहे. प्लेस्टेशन 3 च्या सेल प्रोसेसरमध्ये 3.2 गिगाहर्ट्झचा एक मुख्य कोर आणि गेमसाठी मोकळे असे 6 मदतनीस कोर होते, आणि गेम लिहिणाऱ्यांनी ते पिळून काढलेत. आरपीसीएस3 या पीएस3 च्या एम्युलेटरवर खेळायचं असेल तर 6 कोर, 12 थ्रेडचा नव्या पिढीचा प्रोसेसरच बघा. तिथे कोर आणि चपळाई दोन्ही लागतात, म्हणून पीएस2 साठी घेतलेल्या मशीनवर पीएस3 ची आशा धरू नका.

रॅमवर फार लिहिण्यासारखं नाही. 8 जीबीत पीएस2 चालतो, 16 जीबी झाली की विषय संपला. मात्र आतलं ग्राफिक वापरणार असाल तर 16 ची एक पट्टी घेण्यापेक्षा 8 च्या दोन घ्या, कारण ते ग्राफिक रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांनी त्याची वाट रुंद होते. दुसऱ्या पिढीच्या बोर्डावर डीडीआर3 लागते, पुढे बोर्ड बदलला की ती फुकट जाते. दाजींची गेली. एसएसडीमुळे मशीन आणि गेम लवकर उघडतात, चालू गेमचा वेग वाढत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा 40 ला टेकतो. जुन्या मशीनचा पंखा धुळीने भरलेला, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झालेली, मग तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. सकाळी नीट चाललेला गेम दुपारी अडकायला लागला तर आधी कॅबिनेट उघडून साफ करा, पेस्ट बदला. पातळ लॅपटॉपना हा त्रास जास्त, आणि चार्जर न लावता तर खेळूच नका.

मशीनमध्ये डीव्हीडी ड्राइव्हही ठेवा. पीएस2 च्या डिस्क साध्या पीसी ड्राइव्हवर वाचता येतात आणि स्वतःच्या डिस्कची फाइल करून घेता येते. गेमक्यूबच्या डिस्क अशा वाचल्या जात नाहीत. बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, तेसुद्धा आपल्याच कन्सोलमधून काढायचं असतं. हजारो गेम भरलेली हार्डडिस्क विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, तो चोरीचा माल आहे.

भाच्याचं शेवटी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदललं. आय3-12100 बसवला, एसएसडी आणि कार्ड तेच ठेवलं. वेग 100 टक्क्यांवर आला, आवाज स्वच्छ झाला. तरी कॅमेरा फिरताना चित्र बारीक धक्के खायचं, आणि पोरगं पुन्हा नव्या कार्डाचं बोलू लागलं. दोष मशीनचा नव्हताच. आपल्याकडच्या डिस्क पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला 50 चित्रांच्या. मॉनिटर 60 हर्ट्झवर. 50 चित्रं 60 खणांत बसवायची तर काही चित्रं दोनदा दिसणारच. विंडोजमध्ये मॉनिटर 50 हर्ट्झवर नेला आणि धक्के थांबले. तुमचा मॉनिटर 50 घेत नसेल तर 100 मिळतं का बघा. बऱ्याच पाल गेममध्ये सुरुवातीलाच 50 की 60 असं विचारतात, तिथे 60 निवडलं तरी काम होतं.