एक चौकशी, सात फोन
बाथरूमच्या भिंतीत येणारी ओल थांबवण्यासाठी कंत्राटदार हवा, एवढीच नोंद मी कंत्राटदार शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळावर केली आणि अर्ध्या तासात सात जणांचे फोन आले. कारण अशी अनेक संकेतस्थळे आपली एकच चौकशी एकाच वेळी कित्येक कंत्राटदारांना विकतात आणि काम मिळो न मिळो, प्रत्येकाला तिचे पैसे मोजावे लागतात. हा खर्च शेवटी ग्राहकाच्याच दरपत्रकात चढतो, याचा मला मनस्वी संताप येतो.

त्याहून जास्त चीड येते ती ‘पडताळणी झालेला’ या शिक्क्याची. ती पडताळणी पुष्कळदा ओळखपत्र आणि फोन क्रमांक यांपुरतीच असते. त्या माणसाला वॉटरप्रूफिंग नीट करता येते का, हे कोणीही तपासलेले नसते. पाणी नळाच्या पाइपातून झिरपते की लाद्यांच्या सांध्यांतून, हे न पाहताच मला फोनवर दर सांगण्यात आले. काम झाल्यावर 24 तास पाणी साठवून चाचणी घ्याल का, असे विचारताच पाच जणांनी विषय बदलला.

आणि ग्राहकांनी कंत्राटदाराला द्यायची ती तारांकने! ती काम संपल्याच्या दिवशीच मागून घेतली जातात, गळती मात्र काही महिन्यांनी पुन्हा उघडी पडते.