आंब्यावरचे ऑर्किड बांडगूळ नाही आणि कुंडीतल्या मातीत ते जगतही नाही

पावसाळा तोंडावर आला की विदर्भातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मोहावर किंवा आंब्यावर वाढणारे, लांब पट्ट्यांसारख्या पानांचे ‘जंगली ऑर्किड’ हे बांडगूळ आहे; ते ओढून काढले तर झाडाचेही भले होते; घरी आणून शेणखत मिसळलेल्या काळ्या मातीच्या कुंडीत लावावे आणि रोज पाणी घालावे; झोपण्याच्या खोलीत ठेवावे, कारण ते रात्रभर ऑक्सिजन देते व हवा शुद्ध करते; त्याची मुळे म्हणजेच आयुर्वेदातील रास्ना असल्याने सांधेदुखीवर त्यांचा काढा घ्यावा; आणि जंगलातून दोन-चार रोपे आणली तर कोणाचे काही बिघडत नाही. वर्णनावरून ही वनस्पती म्हणजे व्हँडा टेसेलाटा, हे स्पष्ट होते. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांत ती आढळते, तशीच धुऱ्यावरच्या जुन्या आंब्यावरही दिसते. संदेशातील एकही सल्ला तिच्या हिताचा नाही आणि त्यातला पहिला तर सर्वांत घातक आहे, कारण उरलेली सगळी नासधूस त्याच्या जोरावरच योग्य ठरवली जाते.

खरे बांडगूळ ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हा गोंधळ सहज सोडवता येतो. आंब्यावरच्या बांडगुळाची फांदी जिथून निघते तिथे आंब्याच्या फांदीला फुगीर गाठ आलेली असते, कारण बांडगुळाचे शोषक मूळ सालीच्या आत, लाकडापर्यंत शिरलेले असते आणि तिथून ते पाणी व क्षार ओढून घेते. त्याचे चिकट बी पक्ष्यांमार्फत फांदीवर येऊन पडते आणि तिथेच रुजते. व्हँडाला अशी गाठ कधीच नसते. त्याची बोरूएवढी जाड, राखाडी मुळे सालीला वरून घट्ट चिकटलेली असतात, काही तर मोकळी हवेतच लोंबतात, आणि त्यांपैकी एकही मूळ सालीच्या आत शिरून रस घेत नाही. झाड त्याला फक्त बसायला जागा देते. पाणी त्याला पावसातून आणि दवातून मिळते, तर क्षार सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून, धुळीतून आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून मिळतात. अन्न ते आपल्या हिरव्या पानांत स्वतःच तयार करते. तेव्हा व्हँडा काढल्याने झाडाचे भले होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट ते ओरबाडताना सालीचे तुकडे निघतात आणि व्हँडाची मुळेही जागोजागी तुटतात. ज्या शेतकऱ्यांना आंबा वाचवायचा आहे, त्यांनी बांडगूळ जरूर छाटावे, पण कोयता चालवण्यापूर्वी फांदीवर गाठ आहे की नाही एवढे पाहून घ्यावे.

काळ्या मातीच्या कुंडीचा सल्ला का चुकीचा आहे, हे त्या मुळांकडे पाहूनच कळते. कोरड्या मुळावर थोडे पाणी शिंपडून पाहावे. राखाडी-पांढरा रंग बघता बघता जातो आणि मूळ हिरवे दिसू लागते, कारण मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजसारखे आवरण असते. ते पाणी चटकन टिपून घेते, ओले झाले की पारदर्शक होते आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. पाऊस पडला की भरभरून पिणे आणि ऊन-वारा लागताच कोरडे होणे, असा या मुळांचा क्रम आहे, आणि कोरडे होणेही त्यांना पिण्याइतकेच गरजेचे आहे. आपली काळी कापसाची माती नेमकी याच्या उलट वागते: पाणी मिळाले की फुगते, दिवसेंदिवस ओल धरून ठेवते आणि तिच्यातून हवा खेळत नाही. अशा मातीत, त्यातही शेणखत घालून रोज पाणी दिल्यास, ती मुळे आतून कुजू लागतात. रोप मात्र पानांत साठवलेल्या पाण्यावर काही काळ हिरवेच दिसत राहते, त्यामुळे घरच्या माणसाला सारे ठीक चालले आहे असे वाटते. पाने सुरकुतून खालून पिवळी पडू लागतात तेव्हा वाचवण्यासारखे मूळ क्वचितच उरलेले असते.

पाण्याबाबत आणखी एक गोष्ट संदेशात नाही, पण आपल्याकडे ती फार महत्त्वाची आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट असते. इतर अनेक गावांतही ते जड असते. हे पाणी रोज फवारले तर मुळांवर क्षारांचा पांढरा थर साचतो आणि त्यांची वाढती हिरवी टोके करपतात. कवेलूच्या किंवा टिनाच्या छपरावरून येणारे पावसाचे पाणी, सुरुवातीच्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर, झाकणाच्या टाकीत भरून ठेवल्यास एक-दोन रोपांना ते बराच काळ पुरते.

रात्रीच्या ऑक्सिजनचा दावा एका खऱ्या गोष्टीचा विपर्यास आहे. अशा जाड पानांच्या ऑर्किडमध्ये पानांवरची सूक्ष्म रंध्रे दिवसाच्या उष्णतेत मिटलेली राहतात आणि रात्री उघडतात, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते. त्या वेळी वनस्पती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उजेडात त्याचे अन्न बनवते. ऑक्सिजन मात्र उजेडाशिवाय तयारच होत नाही. हवा शुद्ध होण्याची गोष्ट १९८९ च्या नासाच्या प्रयोगांवरून पसरली. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत केलेले होते. अशा प्रयोगांचा २०१९ साली घेतलेला आढावा सांगतो की, घरात एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी साधायला दर चौरस मीटरमागे किमान १० झाडे लागतील. खिडकी उघडणे हा त्याहून कितीतरी सोपा उपाय आहे.

रास्नेविषयी थोडक्यात सांगतो. रास्ना या नावाने देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि त्यांत व्हँडाची मुळेही आहेत, हे खरे आहे. परंतु भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने रास्ना म्हणून मान्य केलेली वनस्पती प्लुचिया लॅन्सिओलाटा ही आहे आणि ती ऑर्किड नाही. दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी वैद्यांना विचारावे, गटावरच्या संदेशावर विसंबून काढा उकळू नये.

आता ‘दोन-चार रोपांनी काही बिघडत नाही’ या म्हणण्याकडे येतो. व्हँडाच्या एका शेंगेत धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्या बियांत अन्नाचा साठाच नसतो. सालीवर योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि पुढे फुलावर यायला त्याला बरीच वर्षे लागतात. त्यामुळे झाडावरून उतरवलेल्या जुन्या रोपाची जागा लवकर भरून निघत नाही. कायद्याचे म्हणाल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज काढणे हा गुन्हा आहे. वनहक्क कायदा, २००६ मुळे अनेक गावांना सामूहिक हक्क मिळाले आणि २००९ साली असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव होते. पण तोच कायदा वन आणि जैवविविधता सांभाळण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकतो. ज्या गावांनी हे हक्क एवढ्या चिकाटीने मिळवले, त्यांच्याच जंगलातून कोणी बाहेरून येऊन पोत्यात भरून ऑर्किड न्यावीत, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

तरीही ज्याला हे फूल मनापासून आवडते, त्याने ते पाळूच नये असे माझे म्हणणे नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ साली साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय ऑर्किडचे बी रुजवून दाखवले आणि तेव्हापासून रोपवाटिकेत बियांपासून ऑर्किड वाढवणे पुष्कळ सोपे झाले. असे रोप विकत घ्यावे. वादळात स्वतःच्या वावरातील आंब्याची फांदी मोडून तिच्यावरचे रोप जमिनीवर आले असेल, तर तेही जरूर वाचवावे. मुळे सालीवरून सोलू नयेत; फांदीचा तो तुकडाच कापून घ्यावा आणि अंगणातल्या खरबरीत सालीच्या झाडाला सुतळीने बांधावा. झाड नसेल तर कवेलूचे तुकडे आणि लाकडी कोळसा भरलेली लाकडी पट्ट्यांची टोपली ओसरीच्या पूर्वेकडील कडेला टांगावी. ट्यूबलाइटच्या उजेडात, कोपऱ्यातल्या टेबलावर त्याला फूल येत नाही. पाने गर्द हिरवी होऊ लागली तर उजेड कमी पडतो आहे. किंचित पिवळसर हिरवी राहिली तर तो पुरेसा आहे.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा सकाळ-संध्याकाळ मुळांवर पाणी फवारावे, हिवाळ्यात बरेच कमी करावे आणि उघड्यावरच्या रोपाला पावसाळ्यात पाण्याची चिंता करू नये. शेंड्यातील पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहू देऊ नये, कारण या रोपाची वाढ त्या एकाच शेंड्यातून होते आणि तो कुजला तर बहुधा रोपच संपते. शेणखताऐवजी पिकासाठी घरात असलेले १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक न घालता, नवी मुळे वाढत असतानाच, पंधरवड्यातून एकदा फवारले तरी पुरते.