सुई शिवणाच्या डब्यातच राहू द्या

आत्याच्या औषधांच्या डब्यात परवा दोन कोऱ्या सिरिंज दिसल्या. घरात इन्सुलिन कुणालाच नाही. “आत्या, ह्या कशाला गं?” विचारलं तर म्हणाली, “ह्यांचं बीपी माहितीये ना तुला? हाताशी असलेल्या बऱ्या.” आणि फोन पुढे केला.

तोच तो कुणा चिनी प्राध्यापकाच्या नावावर खपणारा संदेश. पक्षाघाताचा झटका आला की रुग्णाला जागचं हलवू नका, मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. सुई तापवून दहाही बोटांची टोकं टोचा, रक्त पिळून काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईस्तोवर ओढा, पाळ्यांना टोचा. माणूस शुद्धीवर आला की मग दवाखान्यात न्या. आणि हे सगळं म्हणे ॲक्युपंक्चरचं, म्हणजे अंगावर ठरावीक जागी सुया टोचून उपचार करण्याचं, प्राचीन शास्त्र.

सुई तापवून घ्या, एवढं त्यात शहाणपणाचं आहे.

“हलवू नका” हे मात्र जीवघेणं. बहुतेक झटके मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबल्यामुळे येतात, काही ती फुटल्यामुळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात; सीटी स्कॅन झाल्याशिवाय डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, आणि रिक्षा, ट्रॅफिक, स्कॅनची रांग सगळं त्यातच. तुंबलेल्या मोठ्या वाहिनीपायी मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. दहा बोटं, दोन कान आणि शुद्धीची वाट बघणं यात अर्धा तास सहज जातो. म्हणजे ५ कोटी ७० लाख. आणि हा अर्धा तास घरातली माणसं स्वतःच्या हाताने घालवणार, वर आपण उपचार केले या समाधानात!

बोटातून दोन थेंब काढून मेंदूतली गुठळी हलत असती, तर ग्लुकोमीटरसाठी रोज बोट टोचणाऱ्या मधुमेहींना पक्षाघात व्हायलाच नको होता. उलट त्यांना धोका जास्त असतो. कान ओढण्याबद्दल काय बोलायचं? आमच्या शाळेतल्या मास्तरांनी तर अख्ख्या गावाचा विमा उतरवून ठेवला होता.

“अमक्याच्या सासऱ्यांना टोचलं आणि ते उठून बसले.” बसले असतील. मुळात पक्षाघातात शुद्ध हरपतेच असं नाही. शिवाय काही झटके थोड्या वेळात आपोआप ओसरतात, त्यांना टीआयए म्हणतात. पण ती मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असते आणि पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. बरं वाटलं तरी तडक दवाखाना गाठायचा तो म्हणूनच.

आत्या सोलापूरची, त्यामुळे तिचा हुकमी एक्का ठरलेला: “आपले डॉ. कोटणीस चीनला गेले होते, त्यांना काय कळत नव्हतं?” अगं, कोटणीस सर्जन होते, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातून तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. ॲक्युपंक्चर भारतात आणलं त्यांच्या पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, कोटणीस गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

बोटांच्या टोकांतून रक्त काढायची चाल चिनी परंपरेत आहे, हे नाकारत नाही. ॲक्युपंक्चर थोतांड आहे असंही मी म्हणत नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी सुयांच्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना उतार होता, औषधं-व्यायामाच्या गटात २७.४ टक्क्यांनाच. मात्र मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांतही ४४.२ टक्के! तेव्हा दुखणं हलकं करायला सुया घ्यायच्या तर घ्या, प्रशिक्षित माणसाकडून घ्या. पण कंबर उद्यापर्यंत थांबते, मेंदू थांबत नाही.

सिरिंज मी घेऊन आलो. डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली: तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळलं, तर आधी घड्याळ बघा. १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटलच गाठा. तोंडात पाणी नको, ॲस्पिरिनही नको.