‘बूट हातात, स्की विमानाच्या पोटात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्कीचे सामान घेऊन विमानप्रवास कसा करावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोन दिवसांत तीनदा वाचली. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून ती येथे जशीच्या तशी देतो: “हा लेख स्वतः कधी काउंटरवर उभे न राहिलेल्या माणसाने परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेला दिसतो. भारतीय प्रवाशाने स्कीचे बूट केबिनमध्ये न्यावेत हा सल्ला निव्वळ मूर्खपणाचा आहे, कारण आपल्याकडे सात किलोंची मर्यादा आहे. स्कीच्या पिशवीत कपडे भरायला सांगणे म्हणजे वाचकाला दंड भरायला लावणे. गुलमर्गला सगळे भाड्याने मिळते, मग एवढा खटाटोप कशासाठी? हिमस्खलनाच्या एअरबॅगचा तर उल्लेखही नाही.”

पहिल्या वाक्याविषयी आधी बोलणे मला भाग आहे, कारण ते माझ्या सल्ल्याविषयी नसून माझ्या प्रामाणिकपणाविषयी आहे. मी पायाला पहिल्यांदा स्की बांधली ती २००६ च्या फेब्रुवारीत, गुलमर्गच्या नवशिक्यांच्या उतारावर, भाड्याच्या बुटांत आणि उसन्या हातमोज्यांत. त्यानंतरच्या अकरा हिवाळ्यांत मी स्वतःची स्कीची जोडी घेऊन प्रवास केला आहे: मुंबईहून दिल्लीमार्गे श्रीनगरला, औलीसाठी डेहराडूनला, तीनदा जिनिव्हाला आणि एकदा जपानमधल्या साप्पोरोजवळच्या न्यू चितोसे विमानतळावर. पहाटे तीन वाजता पावणेदोन मीटर लांबीची पिशवी काउंटरच्या काट्यावर आडवी ठेवून, ती दोन्ही बाजूंनी बाहेर येत असल्यामुळे वजन नीट दिसत नाही म्हणून मागच्या रांगेतील लोकांचे उसासे ऐकत मी अनेकदा उभा राहिलो आहे. त्या प्रवासांचे टॅग अजूनही माझ्या पिशवीच्या कप्प्यात आहेत. ते मी पुराव्यासाठी जपले नव्हते, पण आज आपण पुरावा मागितल्यासारखे लिहिले आहे म्हणून सांगतो.

‘मूर्खपणा’ हा शब्दही मला खटकला. सल्ला चुकीचा आहे म्हणावे, अव्यवहार्य आहे म्हणावे, त्यामागची कारणे द्यावीत. मी ती वाचली असती आणि पटली असती तर लेख बदलला असता. आपण एक आकडा दिला आणि त्याला शिवी जोडली. आकड्याने जे काम करायचे असते ते शिवी करत नाही, आणि आपला आकडा तर आपल्याच बाजूने साक्ष देत नाही. ते कसे, हे सविस्तर सांगतो.

माझ्या बुटांची जोडी, मोंडो माप (म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधील लांबी) २७.५, घरच्या काट्यावर ३ किलो ९०० ग्रॅम भरते. ज्या साध्या पाठपिशवीतून मी ती नेतो ती ८०० ग्रॅमची आहे. एका बुटाच्या आत हातमोजे व लोकरी मोजे आणि दुसऱ्याच्या आत फडक्यात गुंडाळलेला गॉगल बसतो. त्यांचे मिळून ४०० ग्रॅम होतात. हेल्मेट ४५० ग्रॅमचे आहे. एकूण बेरीज ५ किलो ५५० ग्रॅम होते, म्हणजे सात किलोंच्या मर्यादेत औषधे, कागदपत्रे आणि पॉवर बँक यांच्यासाठी जवळपास दीड किलो शिल्लक राहते. ज्यांचे बूट जाड कवचाचे व मोठ्या मापाचे आहेत त्यांची जोडी पाच किलोंच्या आसपास जाते. त्यांनी हेल्मेट स्कीच्या पिशवीत टाकावे, जाड जाकीट अंगात घालावे, आणि तरीही ते मर्यादेत बसतात. हे गणित मी दरवर्षी निघण्याच्या आदल्या रात्री करतो. आपण ते एकदा जरी केले असते, तरी आपल्या वाक्यातील ‘कारण’ हा शब्द आपल्यालाच लिहिता आला नसता.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. सात किलोंचा आकडा माझ्या लेखात नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांमध्ये इकॉनॉमीच्या प्रवाशाला सात किलोंची एकच हातपिशवी नेता येते, हे मी गृहीत धरले आणि लिहिले नाही. पहिल्यांदाच निघालेल्या वाचकाच्या दृष्टीने ती उणीव आहे.

आता मूळ मुद्दा, म्हणजे बूटच का. स्कीची जोडी ही जगातल्या कुठल्याही बर्फाच्या गावी भाड्याने मिळणारी वस्तू आहे, आणि थोड्या कमी-अधिक लांबीची मिळाली तरी दिवस निभावतो. बुटाचे तसे नाही. त्याचे आतले अस्तर वापराने, आणि अनेकदा दुकानात मुद्दाम उष्णता देऊन, एकाच माणसाच्या घोट्याच्या, टाचेच्या आणि पावलाच्या आकाराला बसवलेले असते. दुसऱ्याच्या आकाराला बसलेल्या बुटात टाच उचलली जाते, नडगी पुढच्या कडेवर घासत राहते आणि दुपारपर्यंत माणूस वळण घ्यायलाच घाबरू लागतो. शिवाय हा प्रश्न केवळ आरामाचा नाही. पडल्यावर पाय मोडण्याआधी स्की सुटावी म्हणून बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीची, जी जुळणी केली जाते, ती माणसाचे वजन, उंची, वय, त्याचे कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधील लांबी यांवरून ठरते. ती लांबी बुटाच्या कवचावर टाचेजवळ छापलेली असते. आपले बूट हातात असतील तर कोणताही भाड्याचा दुकानदार पंधरा मिनिटांत आपल्यासाठी स्की जुळवून देतो. आपल्या स्की हातात असतील आणि बूट मात्र भलत्याच विमानतळावर पडून असतील, तर त्याच दुकानदाराला भाड्याच्या बुटांसाठी आपले बाइंडिंग नव्याने बसवावे लागते, आणि तळव्याचा प्रकार जुळला नाही तर तेही होत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१३ च्या जानेवारीत मी मुंबईहून आखातातल्या एका शहरात विमान बदलून जिनिव्हाला उतरलो, तेव्हा बूट आणि स्की एकाच लांब पिशवीत होते, कारण त्या वेळी मलाही तेच सोयीचे वाटत होते. विमान बदलायला सत्तर मिनिटे होती. माझ्या पावलांना ती पुरली, पिशवीला पुरली नाही. मोठ्या आकाराचे सामान नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, ते वेगळ्या दारातून आणून ठेवतात, हे मला माहीत होते; त्या दारासमोर मी दीड तास उभा राहिलो आणि शेवटी कर्मचाऱ्याने ते दार बंद केले. पुढे फ्रान्समधल्या शामोनीला सहा दिवसांसाठी आरक्षण होते. पिशवी चौथ्या दिवशी संध्याकाळी आली. त्याआधीचे दिवस मी भाड्याच्या बुटांत काढले आणि दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखे काळी करून परतलो. कंपनीने भाड्याचे पैसे दोन महिन्यांनी पावत्या पाहून परत केले. मात्र ज्या दिवसांसाठी वर्षभर रजा आणि पैसे साठवले होते, ते दिवस कोणत्याही पावतीवर परत मिळत नाहीत. त्यानंतर माझे बूट जाताना एकदाही माझ्या नजरेआड झालेले नाहीत, आणि म्हणूनच त्या लेखाचे शीर्षक तसे आहे. त्या रिकाम्या दारासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण मूर्ख म्हणत आहात, एवढे कृपया लक्षात घ्यावे.

आपल्या बाजूने मांडता आला असता असा एक खरा मुद्दा होता, तो आपण मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. श्रीनगरहून परतताना सुरक्षा तपासणी इतर ठिकाणांपेक्षा कडक असते, विमानतळाच्या बाहेरच्या फाटकापाशीच गाडीतून सगळे सामान उतरवून यंत्रातून न्यावे लागते, आणि हातात काय नेऊ देतील याविषयीचे निर्बंध परिस्थितीप्रमाणे बदलतात. तेथे बूट केबिनमध्ये नेण्याचा हट्ट धरू नये. पण परतीच्या वाटेवर तो हट्ट धरण्याचे कारणही उरत नाही. बूट उशिरा आले तर हळहळ वाटेल, सुट्टी बुडणार नाही. माझा सल्ला जातानाच्या प्रवासाविषयी होता आणि लेखात ‘जाताना’ हा शब्द दोन ठिकाणी आहे.

कपड्यांविषयीच्या आक्षेपावर फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. स्कीच्या पिशवीत फक्त स्कीचेच सामान असावे असा काही कंपन्यांचा नियम आहे, हे मला ठाऊक आहे. पण बर्फात घालायची पॅन्ट आणि जाकीट हे स्कीचे सामान नाही असे मला आजवर कोणत्याही काउंटरवर सांगितलेले नाही. देशांतर्गत प्रवासात तर सहसा एकूण पंधरा किलोंचाच हिशेब असतो. स्कीची जोडी, काठ्या आणि पिशवी यांचे नऊ किलो वजा केल्यावर जे सहा किलो उरतात, ते स्कीची टोके आणि बाइंडिंग यांच्याभोवती गुंडाळलेल्या कपड्यांनी भरावेत, यात वाचकाचे नुकसान काय, हे मला समजलेले नाही. गुलमर्गला सगळे भाड्याने मिळते हेही खरे आहे, आणि पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकाने तेच करावे असे मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. तो परिच्छेद आपण वाचला असता तर हे वाक्य वाचले असते.

एअरबॅग, म्हणजे हिमस्खलनात फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करणारी पाठपिशवी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून तो घेतला नव्हता. तरी सांगतो: दाबाखालच्या वायूचे नळकांडे असलेली हिमस्खलनाची एअरबॅग आंतरराष्ट्रीय नियमांनुसार माणशी एक नेता येते, पण विमान कंपनीची संमती लागते, आणि ती काउंटरवर मागण्यापेक्षा तिकीट काढतानाच लेखी मागून छापील प्रत जवळ ठेवावी. ज्या एअरबॅग बॅटरीवर चालतात त्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. त्याहून महत्त्वाची सूचना उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रांविषयी आहे. युरोपात ती स्कीवाल्यांच्या खांद्यावर सर्रास दिसतात, पण भारतात ती परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे आणि विमानतळावर अशा प्रवाशांना अटक झालेली आहे.

लेखाच्या ज्या भागासाठी मी सर्वाधिक कष्ट घेतले त्याविषयी आपण एक शब्दही लिहिलेला नाही, याचे मला वाईट वाटले. तो भाग तक्रारीविषयी होता. २०१८ साली परतीच्या प्रवासात माझ्या पिशवीचे टोक फाटले आणि एका बाइंडिंगचा, सुटलेली स्की घसरत जाऊ नये म्हणून असलेला, ब्रेक वाकला. मी ते घरी येऊन दुसऱ्या दिवशी पाहिले, आणि विमानतळ सोडण्याआधी नोंद न केल्यामुळे मला काहीही मिळाले नाही. म्हणून मी लिहिले होते की पिशवी ताब्यात घेतल्याबरोबर, पट्ट्याजवळच, ती उघडून स्कीच्या कडा, टोके आणि ब्रेक पाहावेत आणि काही दिसल्यास तिथल्याच काउंटरवर लेखी अहवाल घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिराची तक्रार सामान हाती आल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. त्या करारातील भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) झाली आहे. देशांतर्गत प्रवासासाठी केंद्र सरकारच्या २०१९ च्या प्रवासी सनदेत ती २०,००० रुपये आहे, जी चांगल्या स्कीच्या एका जोडीलाही पुरत नाही. जास्त किमतीचे सामान असेल तर ते सोपवतानाच मूल्य जाहीर करून जादा आकार भरण्याची तरतूद करारात आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. हे सर्व परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेले नाही. वाकलेल्या ब्रेकची किंमत स्वतःच्या खिशातून भरल्यावर मी ते शोधून वाचले आहे.

सात किलोंची ओळ आणि बुटांच्या वजनाचा हिशेब मी आज सकाळी लेखात घातला आहे. आपली प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही आणि काढणारही नाही. यानंतर बुटांविषयी, पिशवीविषयी किंवा नियमांविषयी आपण काही विचारल्यास मी उत्तर देईन. परंतु ‘उतरवलेला’ हा आरोप आपण मागे घेतल्याशिवाय देणार नाही.