कल्चरल सेफ्टी शिकवायचीय? दोन तासांत उरकून टाका

अभिनंदन! स्टाफ मीटिंगला तुम्ही पाच मिनिटं उशिरा पोचलात आणि तेवढ्यात 'इंडिजिनस पेशंट्सची कल्चरली सेफ काळजी' हा तास तुमच्या नावावर लागून गेला. इंडिजिनस म्हणजे कॅनडातले मूळ रहिवासी. घाबरू नका. कॅनडात नर्सिंगच्या पोरापोरींना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेलीयेत आणि हा विषय कुणाच्याही केसालाही धक्का न लावता कसा उरकायचा हे मी जवळून पाहिलंय, एकदोनदा केलंयही, म्हणून हक्काने सांगतेय.

आधी वेळेचं बघू. २०१५ साली ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने ९४ शिफारशी केल्या, त्यातली २४ नंबरची थेट आपल्यावरच आहे, की मेडिकल आणि नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंडिजिनस आरोग्यावर एक कोर्स सक्तीचा करा, त्यात रेसिडेन्शियल स्कूलचा (इंडिजिनस मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या सरकार आणि चर्चच्या वसतिशाळा) इतिहास आला पाहिजे, इंडिजिनस लोकांशी झालेले करार आले पाहिजेत, हक्क आले पाहिजेत, शिवाय वंशवाद कसा मोडायचा याचं ट्रेनिंगही. 'कोर्स' शब्द वाचून दचकू नका. कॅथेटरचं प्रॅक्टिकल आणि मिडटर्म यांच्या मधे दोन तास मोकळे आहेत, तिथे बसवा आणि वार्षिक रिपोर्टमधे 'शिफारस अमलात आणली' असं लिहा. वाचणाऱ्यालाही ते वाक्य आवडतं.

सुरुवात जमिनीच्या ऋणनिर्देशाने करायची, म्हणजे हे कॉलेज कुणाच्या जमिनीवर उभंय ते वाचून दाखवायचं. त्या नेशनचं, म्हणजे जमिनीच्या मूळ समाजाचं, नाव उच्चारता आलं नाही तर जरा खोकायचं आणि पुढे जायचं. आदल्या दिवशी कुणाला तरी फोन करून उच्चार विचारता आला असता हे खरंय, पण आदल्या दिवशी किती कामं असतात!

मग इतिहास. इथे कर्मणी प्रयोगासारखा मित्र नाही. 'मुलांना नेण्यात आलं', 'केस कापण्यात आले', 'भाषा बोलू दिली गेली नाही', असं बोललं की दीड लाख मुलं शाळांमधे गेली खरी पण नेणारं कुणीच नव्हतं असं वाटतं आणि वर्गात सगळे निवांत बसून राहतात. फोटो ब्लॅक अँड व्हाइट घ्या, म्हणजे ते फार जुनं वाटेल, शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली हे कुणाच्या डोक्यात येणार नाही. नाहीतर एखादी हुशार पोरगी हिशोब करून म्हणेल, मॅडम, म्हणजे आत्ता वॉर्डात जे पन्नाशीचे पेशंट येतात ते तिथलेच की.

आणि एक पथ्य कडक पाळा. सरकारबद्दल बोला, चर्चबद्दल बोला, पण दवाखान्याबद्दल चकार शब्द नको. इंडिजिनस लोकांसाठी वेगळी 'इंडियन हॉस्पिटल्स' (इंडियन म्हणजे इथे भारतीय नव्हे, इंडिजिनसच) होती हे कशाला काढायचं. १९४०-५०च्या काळात रेसिडेन्शियल स्कूलमधल्या अर्धपोटी मुलांना पोटभर जेवायला घालायच्या ऐवजी त्यांच्यावर आहाराचे प्रयोग केले गेले (बघा, मलाही कर्मणी सुटत नाही), ते करणारे शिकलेसवरलेले आपल्याच क्षेत्रातले लोक होते. उत्तरेत जहाज जायचं, इन्युइट या तिकडच्या मूळ लोकांचे तिथेच छातीचे एक्सरे काढायचे, टीबी निघाला की तसंच जहाजावर ठेवून दक्षिणेत, किनाऱ्यावर उतरून घरच्यांचा निरोप घ्यायलाही बऱ्याच जणांना मिळालं नाही, कित्येक परत आलेच नाहीत आणि त्यांना कुठे पुरलं हे घरच्यांना पुढे अनेक वर्षं माहीत नव्हतं. पंतप्रधानांनी त्याची माफी मागितली ती २०१९ मधे. आता हे सगळं सांगितलं तर पोरं विचारतील की आजची आजी एक्सरेला का घाबरते ते कळलं, मग तिच्या फाइलवर 'सहकार्य करत नाही' असं का लिहिलंय? याचं उत्तर तुमच्या स्लाइडवर नाहीये.

नर्सिंगच्या थोर स्त्रियांची स्लाइड असेल तर त्यात दिवावाल्या नाइटिंगेलबाईच बऱ्या. एडिथ मॉन्टूरचं नाव घेऊ नका. ही सिक्स नेशन्स वस्तीतली, मोहॉक या इंडिजिनस समाजाची मुलगी, कॅनडातल्या नर्सिंग शाळांनी तिला दारात उभं केलं नाही म्हणून न्यूयॉर्क राज्यात जाऊन शिकली, १९१४ला नर्स झाली, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधे जखमींची सेवा करून आली. ज्यांनी दार लावलं त्या शाळा आपल्या पूर्वज, आणि पूर्वजांबद्दल वर्गात वाईट बोलू नये.

आता मुख्य पदार्थ, तो म्हणजे 'त्यांची संस्कृती' नावाची स्लाइड. ते डोळ्यात डोळे घालून बोलत नाहीत, ते शांत असतात, ते कुटुंबाला फार मानतात (बाकीचे लोक कुटुंब बहुतेक पार्किंगमधे सोडून येतात). सहाशेच्या वर फर्स्ट नेशन्स, शिवाय इन्युइट, शिवाय मेटी, इतके वेगवेगळे इंडिजिनस समाज, आणि सगळ्यांना पुरून उरणारे पाच बुलेट पॉइंट! कोपऱ्यात एक पीस आणि एक सूर्यास्त टाका. पोरांना हे फार आवडतं कारण पाठ करता येतं आणि परीक्षेत पाचपैकी पाच पडतात.

'कल्चरल सेफ्टी' या शब्दाची जन्मकथा मात्र सांगायची वेळ आणू नका, तिथे घात आहे. गोष्ट न्यूझीलंडची. १९८८ साली तिथल्या एका सभेत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक माओरी मुलगी उठली आणि म्हणाली की तुम्ही कायदेशीर सेफ्टी म्हणता, नैतिक सेफ्टी म्हणता, क्लिनिकल सेफ्टी म्हणता, मग आमच्या संस्कृतीच्या सेफ्टीचं काय? इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी नर्सने ते उचललं, १९९२ मधे तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ते अभ्यासक्रमात घातलं, आणि मग पेपरांमधून इतका आरडाओरडा झाला की प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं. आता पाच बुलेट पॉइंटवर कोण कशाला इतकं भडकेल? भडकले कारण रॅम्सडेनबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. पेशंटच्या चालीरीती पाठ करू नका, आधी स्वतःकडे बघा, तुमच्या हातात किती सत्ता आहे ते बघा, आणि काळजी सेफ होती की नाही हे नर्सने नाही, पेशंटने ठरवायचं. पेशंटने!! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, यावर इतकी वर्षं सुरळीत चाललेला अभ्यासक्रम बाईंनी एका वाक्यात उलटा केला. त्यामुळे 'कल्चरल सेफ्टी' हे नाव घ्या, दिसायला छान आहे, आत मात्र पाच बुलेट पॉइंटच ठेवा.

वर्गात क्री किंवा ओजिब्वे अशा एखाद्या इंडिजिनस समाजातली मुलगी असेल तर निम्मं काम झालंच. प्रत्येक मुद्द्याला तिच्याकडे वळून 'तुमच्यात असंच असतं ना?' विचारा. ती गप्प बसली तर तो तिच्या संस्कृतीचा भाग, वैतागली तर तुमच्याकडे 'संघर्ष हाताळणे' असाही एक तास आहेच.

एल्डरना, म्हणजे समाजातल्या मानाच्या जाणत्या ज्येष्ठांना, बोलावलंत तर उत्तम. नव्वद मिनिटं बोलायचं ठरवा आणि आयत्या वेळी वीस द्या. मानधनासाठी फायनान्सकडून 'व्हेंडर रजिस्ट्रेशन'चा फॉर्म पाठवा, पैसे पुढच्या सेमिस्टरपर्यंत येतील. आमच्याकडे एकदा एका आजींनी सेज ही वनस्पती जाळून धूर द्यायची परवानगी मागितली तर फायर अलार्मच्या कागदांवर पाच सह्या लागल्या, पाचवी सही येईपर्यंत आजी घरी जाऊन पोचल्यासुद्धा होत्या.

सिम्युलेशन लॅबमधे पुतळ्याला काळ्या वेण्यांचा विग घाला आणि केस अशी लिहा, वय अमुक, डायबेटिस, दारूचा इतिहास, एकटी राहते. कधीतरी तिला शिक्षिका करावं, पित्ताच्या खड्यांसाठी आणावं, असं चुकूनही मनात आणू नका. पोरांना वॉर्डात जे गृहीत धरायचंय त्याची प्रॅक्टिस लॅबमधेच झालेली बरी.

ब्रायन सिंक्लेअरचं नाव कुणीतरी काढणारच. २००८, विनिपेग. दोन्ही पाय नसलेला ४५ वर्षांचा इंडिजिनस माणूस, व्हीलचेअरवर, कॅथेटर (लघवीची नळी) तुंबलं म्हणून क्लिनिकच्या डॉक्टरने चिठ्ठी देऊन इमर्जन्सीला पाठवलेला. चौतीस तास वेटिंग रूममधे बसला. तिथे बसलेल्या इतर लोकांनी येऊन सांगितलं की हा माणूस बरा दिसत नाही. स्टाफमधल्या काहींना वाटलं दारू प्यायलाय, काहींना वाटलं झोपायला जागा नाही म्हणून आलाय. अँटिबायोटिक आणि नवीन कॅथेटर, एवढं हवं होतं. कुणी जाऊन बघितलं तेव्हा मरून काही तास झाले होते. हे 'वेटिंग रूममधल्या गर्दीचं नियोजन' या धड्यात घाला.

जॉइस एशाक्वान, २०२०, क्यूबेक. ३७ वर्षांची, अटिकामेक या इंडिजिनस समाजाची बाई, सात मुलांची आई. तिने खाटेवरून फोनवर लाइव्ह सुरू केलं म्हणून नर्स तिला काय काय बोलत होती ते जगाला ऐकू आलं. नशेच्या सवयीचा शिक्का आधीच बसला होता, खरं कारण फुप्फुसात पाणी. वंशवाद आणि पूर्वग्रहाचा या मृत्यूत वाटा आहे असं कोरोनरने लिहून दिलं, आणि तिकडचे मुख्यमंत्री म्हणाले, सिस्टिमिक असं काही नाही. तुम्ही हे 'ड्युटीवर मोबाइलचे नियम' यात बसवू शकता. बसवलेलं मी पाहिलंय.

बाकी तुम्ही दोन तास काहीही शिकवा, खरा कोर्स वॉर्डात पहिल्याच सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, होतो. सीनियर नर्स कॉफी ढवळत म्हणते, 'चार नंबर, ती आपली नेहमीचीच, औषधासाठी येते, अपॉइंटमेंटला कधी येत नाही.' त्या बाईचं गाव असं की विमानाशिवाय रस्ता नाही, धुकं पडलं की विमान नाही, हे त्या वाक्यात मावत नाही. पोरगी ते वाक्य वहीत उतरवून घेते, अक्षर सुंदर. या हँडओव्हरला तुम्ही हात लावू नका, सीनियर नर्सशी वाकडं घेऊन पोरांच्या वॉर्डातल्या प्लेसमेंटच्या जागा कोण घालवेल.

राहता राहिलं मूल्यमापन. दहा मार्कांची क्विझ घ्या, सर्टिफिकेट पीडीएफमधे द्या, शेवटी फीडबॅक फॉर्म वाटा. त्यात शिक्षिका कशी वाटली, स्लाइड्स दिसल्या का, खोलीत एसी ठीक होता का असे रकाने आहेत. पेशंटसाठी रकाना नाहीये म्हणून गेल्या वर्षी एका मुलाने हात वर केला होता, त्याला सांगितलं की पुढच्या छपाईला बघू. पण गठ्ठे अजून दोन शिल्लक आहेत, ते आधी संपवावे लागतील.