चौथी सीट

सुलभाची आणि माझी मैत्री मध्य रेल्वेने जुळवली. ती कल्याणला चढत असे आणि मी डोंबिवलीला. त्यामुळे बायकांच्या डब्यात तिला बाकावरची तिसरी सीट मिळत असे आणि मला, तिच्या कृपेने, चौथी. ज्यांनी हा प्रवास कधी केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, की तिघींच्या बाकावर चौथीने बसणे म्हणजे प्रत्यक्षात अर्धेच बसणे असते. उरलेले अर्धे शरीर वाटेत अधांतरी राहते आणि ठाणे आले की वरून लोटणाऱ्या गर्दीच्या आधाराने ते आपोआप तोलले जाते. अशा अवस्थेत आम्ही सव्वीस वर्षे काढली. मुलांच्या दहावी-बारावी, सासवांची आजारपणे, दोघींच्या कचेरीतले सगळे साहेब, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि मेथीच्या अगणित जुड्या आम्ही त्या बाकावर निवडल्या. एवढ्या वर्षांत आमचे एकदाही भांडण झाले नाही, याचा आम्हा दोघींना फार अभिमान होता. त्या सव्वीस वर्षांत आम्ही दोघी एकट्या अशा कधीच नव्हतो आणि भोवती सतत किमान दहा बायका होत्या, ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही.

निवृत्तीनंतर शहाण्या माणसाने आगगाडीकडे पाठ फिरवावी. आम्ही मात्र पंधरा दिवस आगगाडीने युरोप पाहायचे ठरवले. माझ्या यजमानांनी गुडघ्यांचे कारण सांगून आणि तिच्या यजमानांनी तिथल्या चहाचे कारण सांगून वेळीच अंग काढून घेतले. सुलभाने युरेलचा पास काढला. या पासावर एका महिन्यात कोणतेही सात दिवस निवडायचे आणि त्या दिवशी हव्या तेवढ्या गाड्यांतून फिरायचे, अशी सोय असते. मात्र फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते आणि जर्मनीत बहुतेक गाड्यांना ते लागत नाही. माझा फोन जुना असल्याने दोघींचे पास सुलभाच्या फोनमध्ये राहिले. इंटरनेटही तिच्याच फोनमधून मला मिळायचे. माझ्याकडे बेसनाचे लाडू, चकल्या, दशम्या आणि मेतकूट भरलेली एक भलीमोठी पिशवी होती. थोडक्यात, अक्कल तिने वाहायची आणि अन्न मी, अशी ही श्रमविभागणी होती, आणि त्यात काही चूक आहे असे तेव्हा वाटले नाही.

पॅरिसहून झुरिकला जाणाऱ्या पहिल्या गाडीत आरक्षणानेच आम्हाला शेजारीशेजारी बसवले होते, त्यामुळे काही कळले नाही. खरा प्रश्न स्वित्झर्लंडमध्ये उभा राहिला. आमच्या डब्यात आम्ही धरून सहा माणसे होती. समोरासमोरच्या चार आसनांचे चौक ओळीने रिकामे पडलेले, प्रत्येकाला आपापली खिडकी. मी एका खिडकीशी बसले, आणि सुलभा आली ती सरळ माझ्या शेजारी, दंडाला दंड लावून बसली. मी दोन आसनांच्या मधला हात खाली केला. तिने तो वर केला.

"अगं, पलीकडे एवढी जागा आहे," मी म्हणाले.

"असू दे. तिथे मला पडल्यासारखं होतं," ती म्हणाली.

त्यात गाड्या बदलण्याचा ताप होता. सुलभाने तिच्या भाच्याकडून कोष्टक तयार करून घेतले होते आणि त्यात दोन गाड्यांमध्ये कुठे सात मिनिटे, कुठे सहा मिनिटे असे अंतर होते. भाचा तिशीचा असावा आणि त्याच्याकडे एकच पाठपिशवी असावी, असा माझा संशय आहे. आम्ही दोघी साठीच्या, प्रत्येकीची चाकांची बॅग तेवीस किलोंची, आणि त्या संपूर्ण खंडात एकही हमाल नाही. ज्या देशात हमाल नाही त्या देशाला मी प्रगत म्हणायला तयार नाही. फलाटावर उतरायचे, जिना उतरायचा, भुयारातून जायचे, जिना चढायचा, आणि तोवर पुढच्या गाडीचे दार तोंडावर बंद होण्याच्या बेतात असायचे. स्विस स्थानकांवरच्या घड्याळाचे मात्र मी उपकार मानते. हान्स हिल्फिकर नावाच्या अभियंत्याने १९४४ मध्ये आखलेल्या या घड्याळाचा लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि मग बारावर क्षणभर थांबून राहतो. मध्यवर्ती घड्याळाचा संकेत आला, की मिनिटकाटा टुणकन पुढे उडी मारतो आणि हा पुन्हा चालू लागतो. एवढ्या काटेकोर देशात काळसुद्धा दर मिनिटाला दीड सेकंद दम खातो, हे कळल्यावर मीही प्रत्येक फलाटावर तेवढा वेळ दम खाऊ लागले. सुलभा तेवढ्यात ओरडायची, "बघत काय बसलीस, चल!"

इटलीकडे जाताना तिने मुद्दाम गोथार्डचा जुना मार्ग घेतला होता. २०१६ मध्ये उघडलेल्या नव्या बोगद्याने वेळ वाचतो हे खरे, पण तो सत्तावन्न किलोमीटर लांब आहे, आणि एवढे पैसे खर्चून अंधार पाहायला आपण आलेलो नाही, असे तिचे म्हणणे होते. ते मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. जुनी गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत चढते, त्यामुळे वासेन गावाचे एकच पांढरे चर्च खिडकीतून तीनदा दिसते: आधी डोक्यावर, मग जवळजवळ समोर आणि शेवटी पायाखाली. हे सुलभाला ठाऊक होते, मला नव्हते. दुसऱ्यांदा चर्च दिसल्यावर मी म्हणाले, की या देशात सगळी चर्चे एकाच साच्यातून काढतात वाटते. तिसऱ्यांदा दिसल्यावर मी घाबरून उठले आणि गाडी उलटी चालली आहे असे जाहीर केले. सुलभा इतकी हसली, की पलीकडच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केले. नंतर तिने हा किस्सा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. मी काही बोलले नाही, पण हिशेब लिहून ठेवला.

तो हिशेब व्हेनिसला चुकता झाला. आम्हाला तिथून म्युनिकला जायचे होते. आम्ही बॅगा ओढत, पुलांच्या पायऱ्यांवर त्या आपटत स्थानकावर पोहोचलो, तर ध्वनिवर्धकावरून ‘मोनाको, मोनाको’ असा घोष चालला होता. सुलभा जागच्या जागी थिजली. तिला मोनाको म्हणजे जुगाराचे अड्डे, राजपुत्र आणि शर्यतीच्या गाड्या एवढे पक्के माहीत होते, आणि आपण चुकून तिकडे गेलो तर एका कॉफीत निवृत्तिवेतन संपेल अशी तिची खात्री होती. गाडी सुटायला चार मिनिटे उरली असताना तिने डब्यात पाय ठेवायचे नाकारले. मी एका इटालियन बाईंना हातवारे करून विचारले, तेव्हा कळले, की इटालियन लोक म्युनिकलाच मोनाको म्हणतात. फार तर ‘बव्हेरियाचे मोनाको’ असा खुलासा करतात. आता एकाच शहराला मुंबई, बंबई आणि बॉम्बे म्हणणाऱ्या माणसांनी यावर बोलू नये हे मान्य आहे. पण मी बोलले. ब्रेनर खिंड ओलांडून ऑस्ट्रियात शिरेपर्यंत मी त्याच विषयावर बोलत होते, आणि कुटुंबाच्या गटावरही टाकले.

म्युनिक ते बर्लिन हा चार-साडेचार तासांचा प्रवास आम्ही अत्यंत सुसंस्कृतपणे केला, म्हणजे एकमेकींशी बोललो नाही. तरीही ती बसली होती माझ्या शेजारीच, दंडाला दंड लावून. रुसलेले माणूस इतके चिकटून बसू शकते, हे मी प्रथमच पाहिले.

स्फोट झाला तो बर्लिनहून कलोनला जाताना. गाडी अर्धी रिकामी होती. मी पाय पसरून बसण्यासाठी चौघांचा चौक पकडला, बॅग एका आसनावर आणि खाऊची पिशवी दुसऱ्यावर ठेवली. सुलभाने पिशवी उचलून खाली ठेवली आणि त्या जागी आपण बसली. मग माझ्या तोंडून जे निघाले ते पंधरा दिवसांचे नव्हते, बहुधा सव्वीस वर्षांचे होते. "सुलभा, अख्खा डबा मोकळा आहे! इथे कोणी चढायचं नाहीये, तू सरकायची गरज नाही, आणि मला आता पूर्ण बसता येतं!" ती काही म्हणाली नाही. पर्स आणि फोन घेऊन ती उठली आणि निघून गेली. हॅनोव्हरला ती फलाटावर उतरली, डोळे पुसले, आणि गाडी सुटायच्या सुमारास समोर दिसले त्या दारातून पुन्हा आत चढली, असे मला नंतर कळले.

इथे एक तांत्रिक बाब सांगणे भाग आहे. बर्लिनहून ऱ्हाइनच्या बाजूला जाणाऱ्या अशा काही गाड्या म्हणजे वस्तुतः दोन गाड्या असतात. त्यांची तोंडे एकमेकींना जोडलेली असतात, पण आतून एकीतून दुसरीत जायला वाट नसते. हाम नावाच्या स्थानकावर त्यांना सोडवतात आणि मग एक भाग हागेन, वुपर्टालवरून कलोनला जातो, तर दुसरा डॉर्टमुंड, एसेनवरून ड्युसेलडॉर्फकडे. याची घोषणा जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत होते. पण लोकलमध्ये आयुष्य गेलेले माणूस घोषणा ऐकत नाही. आपले स्थानक आले हे त्याला शेजारणीच्या कोपरावरून कळते, आणि त्या दिवशी माझ्याशेजारी कोपरच नव्हते. गावाचे नाव तेवढे ऐकू आले. हिंदीतल्या ‘हम’सारखे वाटले म्हणून लक्षात राहिले, आणि आमच्यातले ‘हम’ नेमके तिथेच सुटे झाले.

गाडी हामहून निघाल्यावर तिकीट तपासनीस आले. पुढचा संवाद इंग्रजीत झाला, पण त्याचा आशय असा होता:

"तिकीट?"

"माझ्या मैत्रिणीच्या फोनमध्ये आहे."

"मैत्रीण कुठे आहे?"

"रागावली आहे."

त्यांनी हे उत्तर थोडा वेळ तपासून पाहिले. मग ती कोणत्या डब्यात आहे असे विचारले. मी बोट दाखवले त्या दिशेला त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वैद्यांच्या चेहऱ्यावर येतो तसला गंभीर भाव आला. त्यांनी दोन बोटे एकमेकांना चिकटवून माझ्यासमोर धरली, "हाम," असे म्हणाले आणि बोटे सावकाश फाकवली.

सुलभाचा फोन गेला म्हणजे माझे तिकीट गेले, इंटरनेट गेले आणि हॉटेलचा पत्ताही गेला. माझ्याकडे पासपोर्ट आणि अकरा लाडू होते. समोरच्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याने दया येऊन माझा फोन गाडीतल्या मोफत वायफायला जोडून दिला. मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सुलभाचा चेहरा उमटला. मागून कुठली तरी कारखान्याची धुराडी पळत होती. ती रडलेली दिसत होती. मला वाटले, आता माफी मागेल, निदान मला तरी मागू देईल.

"अगं," ती म्हणाली, "खाऊची पिशवी तुझ्याकडे राहिली."

तिने माझ्या पासाचे चित्र पाठवले. नियमाप्रमाणे असे चित्र चालत नाही, पण तपासनिसांनी त्या चित्राकडे, पासपोर्टकडे आणि मी पुढे केलेल्या लाडवाकडे आळीपाळीने पाहिले, लाडू नाकारला आणि मैत्रिणीला शोधा असे सांगून ते निघून गेले. या गडबडीत वुपर्टाल मागे पडले. तिथे १९०१ पासून चालणारी, रुळाला खाली टांगलेली आगगाडी आहे, आणि सुलभाच्या कोष्टकात ‘खिडकीतून दिसल्यास पाहणे’ अशी त्याची स्वतंत्र नोंद होती. ती पाहायला आलेली बाई डॉर्टमुंडला होती, आणि जी वुपर्टालला होती तिने खिडकीबाहेर पाहिलेच नाही.

कलोनच्या आधी गाडी ऱ्हाइनवरचा होहेनझोलर्न पूल ओलांडते. त्या पुलाच्या कठड्याला प्रेमिकांनी हजारो कुलपे लावून किल्ल्या नदीत टाकलेल्या आहेत. सबंध आयुष्यात एवढी टोचणी मला कोणत्याही कुलपाने दिली नव्हती. स्थानकातून बाहेर पडताच समोर कॅथेड्रल उभे राहते, एकशे सत्तावन्न मीटर उंच, त्यामुळे भेटण्याच्या जागेविषयी निदान वाद झाला नाही. त्याचे बांधकाम १२४८ मध्ये सुरू झाले आणि मध्ये काही शतके बंद पडून १८८० मध्ये संपले, असे सुलभानेच मला विमानात वाचून दाखवले होते. मी पायऱ्यांवर पन्नास मिनिटे थांबले. सुलभा ड्युसेलडॉर्फला गाडी बदलून आली, बॅगेशिवाय, कारण तिचीही बॅग मीच सांभाळत होते. दोन बॅगा एकटीने जिन्यावरून उतरवल्याबद्दल मी जे बोलायचे ठरवले होते ते बोलले नाही. तिने आधी लाडू घेतला. मग त्या पन्नास माणसे मावतील अशा पायरीवर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सरक जरा." मी सरकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बॉनला गेलो. शनिवार होता आणि गाडी साधी, थांबत थांबत जाणारी होती. फलाटावर गाडी आली तेव्हा दारात माणसे उभी असलेली मला दिसली आणि माझ्या छातीत एकदम ओळखीचे काही तरी हलले. सुलभाने पर्स पोटाशी धरली, मी पदर नसताना पदर खोचला, आणि माणसे उतरायची पुरती संपायच्या आत आम्ही दोघी आत होतो. सायकली ठेवायच्या जागेत भिंतीला तीन घडीची आसने होती. त्यातल्या दोन आम्ही पटकावल्या, तिसऱ्यावर एक मुलगा होता. आमच्यासमोर एक जर्मन आजी खांबाला धरून उभ्या होत्या. सुलभाने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, कुल्हा आवळून ती माझ्यावर सरकली, मी मुलावर सरकले, आणि मोकळ्या झालेल्या सहा इंचांवर तिने हाताने थापटले. आजी आधी गोंधळल्या. मग अर्ध्या बसल्या.

"कुठे उतरणार?" सुलभाने त्यांना स्वच्छ मराठीत विचारले.

"बॉन," आजी म्हणाल्या.